ईशान्येची मोरी

प्रिय अण्णा,

नमस्कार वगैरे लिहीत नाही. पाया पडायला वाकलं की तुम्ही पाय मागे घ्यायचात. लिहायचं कारण एवढंच की घरात भांडण लागलंय आणि दोन्ही पक्ष साक्षीला तुमचंच नाव घेताहेत. जाऊन वर्ष व्हायला आलं, तरी तुमची सुटका नाही!

भांडण मोरीचं आहे. आईला ती परत बांधून हवीय, जुन्याच जागी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मागच्या दाराला लागून. आज तिथे देवघर आहे. दादा म्हणतो, "देव उचलून मोरी? अण्णांनी स्वतःच्या हातानं फोडली होती, ती काय उगीच?" आई म्हणते, "का फोडली ते मला विचार." दोघंही मला फोन करतात. मी आपली धरलं तर चावतं नि सोडलं तर पळतं, अशा अवस्थेत.

खरं सांगू? त्या मोरीत देखणं असं काही नव्हतं. वीतभर कठडा, शहाबादी फरशी आणि कधीच पूर्ण बंद न होणारा पितळी नळ. जेलरोडच्या त्या ओळीतल्या सगळ्या रो-हाऊसना तशीच मोरी होती. पण नोटांची प्रेस सुटली की तुम्ही पुढच्या दारानं कधी आला नाहीत. सायकल लावून मागून, थेट मोरीत. हात, पाय, तोंड, मान. तोवर कुणाशी एक शब्द नाही. एकदा मी प्रगतिपुस्तक नाचवत समोर आले, तर हात आडवा केलात. "थांब. झडती देऊन आलेला माणूस आहे. आधी धुतो, मग घरचा होतो."

दिवसभर कोऱ्या नोटांना हात लावायचा आणि सुटताना गेटवर हात वर करून उभं राहायचं. रोज. तुमच्यासारख्या माणसानंसुद्धा! तेव्हा मला वाटायचं, अण्णांना स्वच्छतेचं वेड आहे. देवासमोर तुम्हाला हात जोडताना मी पाहिलं नाही. मोरीतून टॉवेलनं तोंड पुसत बाहेर यायचात, तेव्हा मात्र चेहरा देवळातून आलेल्या माणसासारखा असायचा.

मग आईच्या छातीत पाणी झालं. दोनदा काढलं तरी ताप हटेना. त्या सुमारास नाशकात वास्तूवाल्यांचं पीक द्राक्षांपेक्षा जोरात होतं. दादानं त्यातला एक घरी आणला. त्यानं ओट्यावर होकायंत्र ठेवलं आणि कपाळावर हात मारला. "ईशान्येला सांडपाणी? देवाच्या जागी पाय धुताय! मग घरची लक्ष्मी अंथरूण धरणार नाही तर काय?"

मला वाटलं, चहा पाजून तुम्ही त्याला वाटेला लावाल. चहा पाजलात, आणि रविवारी छिन्नी-हातोडा घेऊन खाली बसलात. मिस्त्रीसुद्धा बोलावला नाहीत.

आई बरी झाली. सगळा घोळ तिथेच झाला ना? दादा आजही वास्तूचे गोडवे गातो. आई फणकारते, "गोळ्या मी गिळल्या नि श्रेय कोपऱ्याला!" मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, तुम्हाला पटतं का हे?

"छे. अजिबात नाही."

"मग बांधा की परत!"

तुम्ही पेपर खाली ठेवलात. "प्रयोग करून बघायला मला दुसरी बायको नाही."

मी हसले होते. तुम्ही हसला नव्हतात.

पण माझी एक तक्रार आहे, अण्णा. मागच्या दारात देव बसले, त्यांच्यासमोरून धुळीचे पाय कसे न्यायचे म्हणून तुम्ही पुढून यायला लागलात. दाराजवळच्या खुर्चीत टेकायचात, कुणी पाणी आणून दिलं की प्यायचात, मग बाथरूमकडे जायचात. निवृत्त होईपर्यंत हेच. एका शब्दानं कधी बोलला का नाहीत?

काल घरी जाऊन मी आईला स्पष्टच विचारलं, "आता कशाला हवी मोरी? अण्णा तर नाहीत." ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "होते तोवर बांधू दिली नाही. 'तू बरी आहेस ना, मग राहू दे.' एवढंच. माझ्या जिवाला घाबरून तो माणूस स्वतःच्या घरात पाहुणा झाला गं. आता घाबरायला ते नाहीत. मला तरी त्यांच्यासारखं पाय धुऊन घरात येऊ दे."

दादा दारातच उभा होता. डोळे भरले होते त्याचे. त्याला मोरीचं काही नाही, आईच्या जिवाची भीती वाटते. तुमच्यावरच गेलाय! आणि मी एरवी कोरडी म्हणून प्रसिद्ध, पण मलाही तुमची फार आठवण आली.

तर निकाल असा. देव हॉलमध्ये पूर्वेच्या भिंतीला जातील. त्यांची तक्रार आली तर बघू. मिस्त्री सोमवारी येतोय. दादा हो म्हणालेला नाही, पण सुट्टी टाकलीय.

आणि तुम्हाला शब्द देते. आई पुन्हा आजारी पडली, आणि या वयात कधीतरी पडेलच, तर मी त्या कोपऱ्याकडे बोट दाखवणार नाही आणि दादालाही दाखवू देणार नाही. रिक्षा बोलावीन आणि तिला डॉक्टरांकडे नेईन. तुम्ही आता घाबरू नका.

तुमची,
माधुरी