पहारीचा आवाज

मंगळवार, संध्याकाळ. तलासरी.

सुरुंग उडाला की बोगद्यात पहिला मी जातो. पहारीने छत ठोकतो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर दगड सुटलेला. सोळा वर्षं हेच काम. आज ठोकलं आणि काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा ठोकलं. हाताला झिणझिण्या आल्या, तेवढंच.

कान गेलेत हे कळलं तर मुकादम उद्याच घरी बसवेल. म्हणून ओरडलो, “पक्कं आहे!” का ओरडलो मी?

सायवनचा देवजी ड्रिल घेऊन नेमका तिथेच उभा राहिला. म्हटलं, “जरा थांब, परत ठोकतो.” तो हसला. बोलणं ओठांवरून कळलं, “दादा, तू सांगितलंस ना? मग झालं.”

आज दगड पडला नाही. उद्या पुन्हा सुरुंग आहे, आणि देवजी पुन्हा माझ्याच तोंडाकडे बघणार.