चौकटीत न मावलेली ओळ

१४ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. वॉर्डातल्या सगळ्याजणी तुझी आठवण काढतात, म्हणजे हळू आवाजात काढतात.

परिचारिका परिषदेने तुझी नोंदणी रद्द केली, त्याला आज महिना झाला. दोन्ही बाजूंना चिडवणारी भाषणं करणाऱ्या त्या माणसाच्या डोक्याची जखम तू बांधलीस, एवढाच तुझा गुन्हा. आचारसंहितेवरून दोन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे परिषदेतले दोन्ही गट तुला दोषी ठरवताना मात्र एका सुरात बोलले.

चौकशीत तू म्हणालीस, "रुग्णाचं मत न विचारता सेवा करायची, हे संहितेतच आहे." अध्यक्षबाई म्हणाल्या, "दाखवा." तू भिंतीवर चौकटीत लावलेल्या संहितेपाशी गेलीस, बोट फिरवत पार खालपर्यंत आलीस. मग माझ्याकडे पाहिलंस. मी पेनाचं टोपण लावत-काढत बसले होते.

आता सांगतेच. संहिता लिहिणाऱ्या समितीत माझं अक्षर चांगलं म्हणून मसुदा उतरवायचं काम माझ्याकडे आलं. संहिता प्रत्येक वॉर्डात चौकटीत लागते, म्हणून ती एकाच पानात बसवायची. एका गटाने 'अन्याय करणाऱ्याला पाठीशी घालू नये' असा परिच्छेद घातला, दुसऱ्याने 'श्रद्धा दुखावणाऱ्याला थारा देऊ नये' असा. दोघेही एक शब्द सोडेनात. पान पुरेना. जिच्यावरून कुणीच भांडत नव्हतं, ती ओळ मी काढली, तू शोधत होतीस तीच. वाटलं, हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे, लिहायला कशाला हवं? वाचून दाखवलं तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

काल तुझ्या अपिलासाठी, ती ओळ खोडलेला मूळ मसुदा घेऊन परिषदेच्या सचिवांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, खोडलेली ओळ म्हणजे नियम नव्हे. उलट ती मुद्दाम काढली, हेच यातून सिद्ध होतं." कागद त्यांनी ठेवून घेतला. तुला वाचवायला गेले आणि उरलीसुरली आशाही घालवून आले.

तुझ्या जागी आलेली सिस्टर आज एका जखमी माणसाला पट्टी बांधण्याआधी विचारत होती, "तुम्ही कुठल्या बाजूचे?" मी तिच्यावर ओरडले. तिने शांतपणे चौकटीकडे बोट दाखवलं. अक्षर माझंच होतं.

माफ कर म्हणायला मला तोंड नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवलंस, तरी माझी तक्रार नाही.

ताई