जेवताना बोलायचं इंग्रजी

अंबरनाथ,
२६ नोव्हेंबर १९९१

बकुळाताई, धाकट्या मालूचा तुला नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायला बसले होते. पण ठीक काही नाही गं. पत्र टपालात न टाकता आमच्या कामवाल्या काशीच्या हाती देतेय. ती तुमच्या सोनिवलीला माहेरी येतेच आहे. भावोजी कामावर गेले की मगच वाच.

तुला बोलले नव्हते, पावसाळ्यापासून मी उल्हासनगरला इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जाते. ह्यांना सांगितलंय, शिवणाच्या. कंपनीच्या पार्टीत मी आपली ठोंब्यासारखी सरबत पीत बसते. ह्यांची एकदा चांगली जिरवायची होती! आमच्या लाजवंती मॅडम सिंधी आहेत. व्याकरणाच्या फंदात पडत नाहीत, रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचारच घोटून घेतात. 'मालिनी, शरमाना क्या? बोलो!' म्हणून टेबलावर थाप मारतात.

तर रविवारी भावोजी आले होते, आमच्या उमाचं स्थळ पक्कं करायला. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे, बायकांना कळू नये असं काही असलं की जेवता जेवता पुरुषांचं इंग्रजी सुरू. मी वाढत होते. भावोजी म्हणाले, मुलगा 'फ्लाइज ऑफ द हँडल'. म्हणजे चटकन डोकं फिरतं त्याचं. आणि पहिली बायको 'ब्लॅक अँड ब्लू' होऊन माहेरी गेली. अगं, मागच्या वर्षी मला वाटलं असतं, शालूच्या रंगांचं चाललंय! मारून मारून काळीनिळी केली होती तिला. पहिलं लग्न झाल्याचंच मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि हे काय म्हणाले? 'लेट बायगॉन्स बी बायगॉन्स.' झालं गेलं विसरायचं! उमाचा सख्खा बाप! वर माझ्याकडे ताक मागितलं.

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, 'ओव्हर माय डेड बॉडी.' म्हणजे, आधी माझं मढं पडेल.

दोघांचे घास हातातच राहिले. उमा दारात आली. मी तिला सगळं मराठीत सांगितलं, त्यांच्यादेखत. स्थळ मोडलं. हे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, कुठल्याच भाषेत.

पण पत्र त्यासाठी नाही. ते 'ब्लॅक अँड ब्लू' बोलताना भावोजी हसले, ताई. आणि मला तुझा काळानिळा दंड आठवला. गौरीच्या वेळी बांगड्या भरताना मी विचारलं, तर म्हणालीस, नळावर पाय घसरला. संक्रांतीलाही पायच घसरला होता. मी मान डोलावली आणि दुसरंच बोलत राहिले.

रविवारी भावोजी तणतणत घरी गेले. तो राग कुणावर निघाला असेल?

ताई, तुमचा नळ एवढा निसरडा नाही. मी पाणी भरलंय तिथं.

काशी परवा परत येतेय. तिच्याबरोबर निघून ये. कपड्यांच्या भानगडीत पडू नकोस, उमाने तिच्या कपाटातला एक कप्पा मोकळा केलाय. ह्यांना काय सांगायचं ते मी बघते. आता मला दोन भाषा येतात.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी मालू