दोन लिहा की

सोम., ९ फेब्रु.
उद्या माझी गर्भपिशवी काढणार. डॉ. मॅडम सांगून गेल्या : अफूच्या जातीचं जोरकस इंजेक्शन आता सरसकट देत नाही. मळमळ, गुंगी, पोट साफ होत नाही. टाक्यांपाशी बधिर करणारं औषध, साध्या गोळ्या ठरल्या वेळी. जोरकस फक्त गरज पडली तर. म्हटलं, काटकसर बरी बायकांच्याच दुखण्यात सुचते. "ताई, हे व्यासपीठ नाही." हसून गेल्या. या गावात धड भांडायलाही कोणी नाही.

बुध., ११ फेब्रु.
काल संध्याकाळीच चालले. डोकं साफ. दुखतं, पण सोसवतं. मॅडम बरोबर होत्या. त्यांना सांगणार नाही.

शेजारच्या खाटेवर सरूबाई. तेच ऑपरेशन, काल माझ्यानंतर. नवरा टॉवेलच्या कारखान्यात. सिस्टरनं तिला विचारलं, शून्य ते दहात किती दुखतंय? उत्तर नवऱ्याचं : "दोन लिहा की. लई सोशिक हाय आमची." आणि सिस्टरनं दोन लिहिलं. सरूबाईच्या मुठीत चादरीचा बोळा.

सोशिक. मराठीत याहून निर्लज्ज कौतुक नसेल.

दुपारी त्याला शहाळं आणायला पिटाळलं. सिस्टरला म्हटलं, आता विचारा. सरूबाई : "आट. त्यास्नी सांगू नगा." इंजेक्शन मिळालं. मूठ सुटली, झोपली.

गुरु., १२ फेब्रु.
इंजेक्शनचं सिस्टर सरूबाईच्या नवऱ्यापाशी बोलून गेली. तो लगेच माझ्याकडं : "डॉक्टरच म्हनल्या की, ते नशेचं असतंय. बायकूला नशा करायला लावली व्हय तुमी?" मॅडमचं शहाणपण या डोक्यात शिरून हे झालं. औषध जपून द्या, याचा अर्थ मागणारी बाई वाया गेलेली.

भाषण ठोकलं. शेवटी तो म्हणाला, "आवाज लई खणखणीत हाय, बाई." आणि शहाळं फोडून माझ्या हातात दिलं. मूर्ख. चांगला माणूस आहे, हीच पंचाईत.

शुक्र., १३ फेब्रु.
सरूबाईला सोडलं. बीपी चढलंय म्हणून मला उद्या. मॅडमनी तिला नेहमीच्या गोळ्या दिल्या, वर चार जोरकस, असह्य झालं तरच. दिल्या कुणाच्या हातात? नवऱ्याच्या. त्यानं त्या चार तिथंच टेबलावर परत ठेवल्या. "न्हाय लागत आमाला. व्हय ना गं?"

"व्हय."

माझ्याकडं बघितलं नाही तिनं. जिन्यावर कठडा धरून दोनदा थांबली.

तिचा नंबर काल घेतलाय. घरात फोन एकच, त्याच्या खिशात. सकाळी लावणार, किती दुखतंय विचारायला. तोच उचलणार. त्याला काय म्हणायचं, ते अजून सुचलेलं नाही.