खोड : काही नाही

९ नोव्हेंबर

आदरणीय ताई,

तुम्हाला नमस्कार. परतीचा प्रवास नीट झाला असेल. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण ते खरं होणार नाही, म्हणून लिहीत नाही.

आधी मी कोण ते सांगतो. तुमच्या वडिलांना निरोप दिला त्या दिवशी फाटकाजवळ जाड चष्म्याचा एक जण उभा होता, तो मी. तुम्ही विचारलंत, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "ओळखीचा." तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "बाबांना शेवटी तुमच्यासारखी माणसं मिळाली, बरं झालं." मी मान हलवली. त्याला आज बारा दिवस झाले.

मी प्राण्यांच्या आश्रयगृहात काम करतो. पिंजरे धुणं, औषधं देणं आणि कार्डं लिहिणं. प्रत्येक कुत्र्याच्या पिंजऱ्यावर एक कार्ड असतं : वय, वजन, लस, खोड. माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं आहे, पण अक्षर चांगलं आहे आणि शुद्धलेखनाची चूक मी सहसा होऊ देत नाही, म्हणून ते काम बाईंनी माझ्याकडे दिलं. बाई म्हणजे आमच्या व्यवस्थापक.

तुम्हाला आमच्याकडून एक फॉर्म आला असेल. पाकिटावरचा पत्ता माझ्याच हातचा आहे. ज्या कुत्र्यामुळे माणसाचा मृत्यू झाला त्याचं काय करायचं, हे घरच्यांना विचारायचा आमच्याकडे नियम आहे. खाली दोन चौकटी आहेत. पहिली : कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं. दुसरी : संस्थेत ठेवावं. उत्तर वीस तारखेपर्यंत आलं नाही तर पहिली चौकट धरतात. काका (तुमच्या वडिलांना मी काका म्हणायचो) गेल्यावर तुम्ही शेजाऱ्यांच्या हाती त्यांच्या कुत्र्याला, भिंग्याला, परत पाठवलंत, तेव्हा ते तुमचा निरोप सांगत होते : "ज्यानं बाबांना मारलं ते कुत्रं मला डोळ्यांसमोर नको." तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही.

फक्त एवढंच सांगायचं होतं, की काकांच्या चष्म्याच्या दुकानाच्या तीन पायऱ्यांतली मधली झिजलेली आहे. तुम्ही पाहिली असेल. काकांचं वयही एकाहत्तर होतं. अशा वयात पडायला कुत्रं लागतंच असं नाही.

काका आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तुमच्या आईंना जाऊन सहा महिने झाले होते. बाईंनी विचारलं, "कसं कुत्रं हवं? लहान, मोठं, राखणीला?"

"राखायला आहे काय माझ्याकडे?" काका म्हणाले. "घोरणारं द्या."

बाईंना वाटलं म्हातारबुवा थट्टा करतायत. तर म्हणाले, "बायको घोरायची. सदतीस वर्षं तक्रार केली. आता घर इतकं गप्प झालंय की झोपच लागत नाही."

आमच्याकडे एक म्हातारी कुत्री होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. घोरायची मात्र अशी, की दोन पिंजरे पलीकडची कुत्री कान टवकारायची. कुणी नेईल अशी आशा आम्ही सोडली होती. काकांनी पाच मिनिटं तिच्या पिंजऱ्यापुढे बसून ऐकलं, गाणं ऐकावं तसं, आणि म्हणाले, "बांधा हिला."

तिचं कार्ड मी त्यांना वाचून दाखवत होतो. ते कार्डाकडे न बघता माझ्याकडेच बघत होते.

"कागद नाकाला लावून वाचतोस. डोळे कधी तपासलेस?"

"कधीच नाही."

"म्हणजे आजवर सगळा कारभार अंदाजपंचेच!"

दुकान त्यांनी बंद केलं होतं, पण काचा घासायचं यंत्र घरी आणून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी मला चष्मा करून दिला. तो लावून मी खिडकीबाहेर बघितलं, तर समोरच्या झाडाला सुटी सुटी पानं होती. ताई, शाळेत मला फळा दिसत नव्हता, हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी स्वतःला ढ समजत होतो. गुरुजीही तसंच समजत. मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते काच पुसत राहिले.

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. म्हातारीची नखं कापायला, असं निमित्त असायचं. कुत्रीची नखं दर रविवारी वाढत नाहीत, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. काका म्हणायचे, "एक आंधळी, एक अर्धा बहिरा. संसार झकास चाललाय. भांडणच नाही." पण घरात बदल होत होता. आधी ओट्यावर एकच कप असायचा आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रांची रास. ती रास गेली, तिथे म्हातारी झोपायला लागली. काका दाढी रोज करू लागले.

आठ महिन्यांनी म्हातारी गेली. त्यांच्या मांडीवर गेली, त्रास झाला नाही. त्यानंतरच्या रविवारी मी गेलो तर दार उघडंच होतं आणि काका अंधारात बसून होते. दाढी वाढलेली. दोन दिवस पोटात काही नव्हतं. म्हणाले, "तू जा. आता नखं कापायची नाहीत." मला भीती वाटली. मी मुळातच भित्रा आहे, कुलूप लावलं तरी दोनदा परत येऊन ओढून बघतो. पण ही भीती वेगळी होती. हा माणूस आता उठणार नाही, असं मला वाटलं.

भिंग्या मी त्यांना त्याच आठवड्यात दिला. नाव त्यांनीच ठेवलं, डोळे भिंगासारखे मोठे म्हणून.

वर मी पायरीबद्दल लिहिलं ते खरं आहे. पण ते आधी लिहायला नको होतं. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे आणि दर वेळी पायरीपाशीच येऊन थांबतो.

भिंग्याला त्याआधी तीन घरांनी परत आणलं होतं. कोणीतरी त्याला एका रिकाम्या दुकानात कोंडून शटर ओढून घेतलं होतं. तो तिथे अकरा दिवस होता. तेव्हापासून शटरचा आवाज झाला की त्याचं भान सुटतं, तो जीव घेऊन पळतो, गळ्याला पट्टा आहे की नाही तेही त्याला कळत नाही. एरवी गरीब गाय. त्याच्या जुन्या कार्डावर हे सगळं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. तीनदा परत आलेल्या कुत्र्याला आमच्याकडे मागच्या रांगेत टाकतात. मागच्या रांगेत लोकांना नेत नाहीत. तिथून कुत्रं बाहेर पडतं ते मेल्यावरच.

मी नवं कार्ड लिहिलं. वय, वजन, लस. आणि पुढे : "खोड : काही नाही." तीन शब्द, सुवाच्य. बाईंनी बघून सही केली.

मी मनाची समजूत घातली, की काकांची गल्ली घरांची आहे, शटर कुठलं आलंय तिथे? दुकान तर कायमचंच बंद आहे. भिंग्या वाचेल, काकाही वाचतील. एका दगडात दोन पक्षी मारतात, मी दोन जीव वाचवायला निघालो होतो.

आणि काही दिवस तसंच झालं, ताई, हे मी खोटं लिहीत नाही. भिंग्या घोरत नसे, पण झोपेत धावायचा. काका म्हणायचे, "हा रात्रभर कुठंतरी पोहोचायला निघालेला असतो. बायकोही अशीच, गावाला जायचं असलं की." ते दोघं सकाळ-संध्याकाळ फिरायला जाऊ लागले. काका लोकांशी बोलू लागले. लोक विचारू लागले, "दुकान कधी उघडताय?"

चौथ्या महिन्यातल्या एका शनिवारी काका मला म्हणाले, "उद्या दुकान उघडतो. तुझ्या काकूला आवडलं असतं. भिंग्या गल्ल्यावर बसेल."

 तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "मी येतो. दहाला येतो. मी आल्याशिवाय शटरला हात लावू नका."

"का रे? उद्घाटन तुझ्या हस्ते करायचं की काय?"

मी हसलो. खरं सांगितलं तर ते मला विचारणार, "कार्डावर काय लिहिलं होतंस?" याची मला लाज वाटत होती. त्यांनी मला चष्मा करून दिला होता. मी ठरवलं की उद्या लवकर जाऊन भिंग्याला लांब नेऊन धरीन, मग काका शटर उघडतील, कुणाला काही कळणार नाही.

मी दहाला पाच कमी असताना पोहोचलो. रस्त्यावर माणसं जमली होती. समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं मला सांगितलं, "साडेनवालाच आले होते. म्हणाले, पोरगं यायच्या आत धूळ झटकून घेतो, नाहीतर तोच झटकत बसेल." शटर गंजलं होतं, उचलायला दोन्ही हात लागत होते, म्हणून त्यांनी पट्टा मनगटाला दोन वेढे घालून गुंडाळला. शटर अर्धं वर गेलं.

तीन पायऱ्या. डोकं पदपथाच्या कडेवर.

भिंग्या लांब गेला नव्हता, त्याला जाता येत नव्हतं. पट्टा ताणून तो जमिनीला पोट टेकून थरथरत होता. वेढे मी सोडवले. त्यांना माहीत असतं तर त्यांनी पट्टा मनगटाला कधीच गुंडाळला नसता. माहीत असतं तर त्याला सोबत आणलंच नसतं.

ताई, हे मी पोलिसांना सांगितलं नाही, बाईंना नाही, त्या दिवशी तुम्हाला नाही. सगळे म्हणाले "कुत्र्यानं ओढलं," आणि मी ते चालू दिलं.

तुमच्यापुढे फॉर्म आहे. दुसऱ्या चौकटीत खूण करावी अशी माझी विनंती आहे. भिंग्यानं जे केलं ते तो करणार हे लिहिलेलं होतं, आणि मी ते खोडलं. या पत्राची नक्कल मी केली आहे. हे पत्र पेटीत टाकलं की ती बाईंच्या टेबलावर ठेवणार आहे. उलट क्रमानं केलं तर माझा धीर सुटेल आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. माझ्याबद्दल जी तक्रार करायची ती जरूर करा. माझं पूर्ण नाव आणि पत्ता मागे लिहिला आहे.

तुमचा ओळखीचा नसलेला,
कार्डं लिहिणारा


२८ नोव्हेंबर

ताई,

फॉर्म अठरा तारखेला मिळाला. दुसऱ्या चौकटीत खूण आहे. तिच्याखाली तुम्ही रेघ इतक्या जोरात ओढली आहे की कागद फाटला आहे. तरी तो ग्राह्य धरला.

तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहितो. बाईंनी माझं पत्र दोनदा वाचलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझं अक्षर बघून मी न वाचता सही करत होते रे." दुसऱ्या दिवशीपासून कामावर यायचं नाही असं ठरलं. त्यांनी पोलिसांनाही कळवलं, मी जाऊन जबाब देऊन आलो आहे. सध्या एका गोदामात पेट्यांवर पत्ते चिकटवतो. ते छापूनच येतात.

भिंग्या मागच्या रांगेत आहे. त्याचं कार्ड आता बाईंनी लिहिलं आहे, आणि त्यावर सगळं आहे, शटर, तीन घरं, काकाही. ते वाचून त्याला कोणी नेणार नाही. हे त्यांना माहीत आहे, मलाही. मला आत जायला परवानगी नाही. तो खातो, एवढं झाडूवाल्या मावशींकडून कळतं.

फॉर्मच्या मागे तुम्ही पेन्सिलीनं एक ओळ लिहिली होती : "बाबा माझ्याबद्दल काही बोलायचे का?" ती कुणासाठी, हे लिहिलं नव्हतं. बाईंनी मला बोलावून दाखवली आणि म्हणाल्या, "याचं उत्तर तूच दे. आणि नीट दे."

दहा दिवस मी आठवतो आहे. वर्षभर जवळपास प्रत्येक रविवारी मी त्यांच्याकडे होतो. तुमच्या आईंबद्दल ते खूप बोलायचे. एकदा मी विचारलं, "काका, मुलं किती?" ते म्हणाले, "एक मुलगी." मी वाट बघितली. ते म्हणाले, "चहा टाकतोस?" मी चहा टाकला. परत मी विचारलं नाही आणि त्यांनी काढलं नाही.

मला वेगळं लिहिता आलं असतं. भिंतीवर तुमचा लहानपणीचा फोटो होता, किंवा शेवटच्या शनिवारी ते तुमची आठवण काढत होते, असं. तुम्ही विश्वास ठेवला असता. कोणी तपासायला आलं नसतं. पण फोटो नव्हता. शनिवारी ते दुकानाबद्दलच बोलत होते.

ते का बोलत नव्हते हे मला माहीत नाही. राग होता की दुसरं काही, तेही मी सांगू शकत नाही. माझ्याजवळ एवढंच आहे, ताई. थोडंसं जरी जास्त असतं, तर या पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं असतं.

खाली "आपला" लिहीत नाही.

पूर्वी कार्डं लिहिणारा