कालच वाटून दिलेले प्रश्न

भवानी पेठ, सोलापूर. मंगळवार संध्याकाळ, जुलै १९७४

अक्काच्या लेकीला, सुमीला, आणायला शाळेत गेलो, तर वर्गात तपासणीचे साहेब. मुलांनी म्हणे आपापले प्रश्न विचारून शिकायचं! अन् बाईंनी प्रश्न कालच वाटून दिलेले. एकेक पोपट उठत होता, बसत होता. टेबलावर ओल्या फडक्यात मोड आलेला पावटा.

सुमीनं मनचंच विचारलं, "बाई, पावटा उलटा ठेवला तर मोड खाली जाईल की वर?"

"तुला हा प्रश्न दिला होता का गं?" बाई साहेबांसमोरच खेकसल्या. साहेब चहा फुंकत बसले. बूट मात्र झकास होते त्यांचे. थूः!

एरवी डोकं खाणारी सुमी येताना गप्प. मग म्हणाली, "मामा, एक विचारू का?"

परवानगी? हिनं कधी मागितली होती?

"विचार की."

"नको, ऱ्हाऊ दे."

घरी येऊन मीच अक्काच्या डब्यातला पावटा ओल्या फडक्यात उलटा ठेवलाय.