खिशाच्या अस्तरातले कुंकू

मी, मानसिंग जोतिबा थोरवडे, वय अठ्ठावन्न, धंदा मोटार हाकणे, राहणार मलकापूर, तालुका कराड, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांनी छाती तपासून मान हलवली आहे, म्हणून आता टाळाटाळ नको.

कलम १. तीन खणांचे घर पत्नी लीलाबाई हिचे. मुलगा लालासाहेब याने तिच्या शब्दाबाहेर जाऊ नये.

कलम २. पाने, जॅक व हवेचा पंप लालासाहेबास. धाकटा भाऊ गुंडा माझ्या धंद्याला चारचौघांत नाके मुरडी, आणि लग्नकार्याला मोटार मात्र फुकट मागी. त्यास फुटका हॉर्न द्यावा. तो वाजत नाही, पण गुंडाचे तोंड पुरेसे आहे.

कलम ३. दारातली काळी मोटार माझी नाही. ती कुंडलच्या चंद्राबाईची. तिचा नवरा नानासो माझा पलटणीतला जोडीदार. मोटार त्याची, हाकणारा मी. चंद्राबाई मला भाऊ मानते.

१९४० च्या खंडेनवमीला नानासोने हत्यारांबरोबर मोटारीचे बुकही पाटावर मांडले. मोटार कोणाची, हे त्या बुकावरूनच ठरते. चंद्राबाईने त्यावर ओल्या कुंकवाचे बोट उठवले. पूजा आटोपल्यावर ते मी माझ्या खाकी कोटाच्या खिशात टाकले आणि विसरलो. इथवर माझा गुन्हा नाही.

पौषात नानासो तापाने गेला. इस्लामपूरचे गिऱ्हाईक मोटार घ्यायला आले. चंद्राबाईने धान्याची कणगीसुद्धा उपसली, पण बुक मिळेना. "बुक न्हाई तर गाडी कुनाची म्हनून घिऊ?" म्हणत गिऱ्हाईक चालते झाले. मीही तिच्याबरोबर माळ्यावर शोधत होतो. धुळीने भरलेला अंगावरचा तोच कोट झटकला, तेव्हा खिशातले बुक हाताला लागले. मी ते पुन्हा आत ढकलले.

वर म्हणालो, "अक्का, बिनबुकाची गाडी म्हंजे निस्तं लोखंड. मी नेतो. बदली माझी दुभती म्हस घे."

"तुमी हाय म्हनून, दादा," म्हणत तिने विक्रीच्या कागदावर अंगठा उठवला.

महिन्याने बुक सीटखाली सापडल्याची थाप मारली. मोटार सहा वर्षे भाड्याने पळाली. म्हैस दोन वर्षांत आटली. दर भाऊबीजेला मी त्याच मोटारीतून कुंडलला जाऊन ओवाळून घेत असे. लाज वाटे, तरी पाटावर बसत असे. माझ्याइतका हलका माणूस मी पलटणीतही पाहिला नाही.

कलम ४. माझ्यामागे लालासाहेबाने मोटार बुकासह चंद्राबाईच्या दारात उभी करावी. बुकावरचे बोट पुसू नये.

पुरवणी. एवढे लिहून झाल्यावर वाटले, मेल्यावर कबूल होणे हा भेकडपणाच. म्हणून काल मोटार घेऊन कुंडलला गेलो व चंद्राबाईस सारे वाचून दाखवले. मान वर होईना.

ती म्हणाली, "मला ठावं हाय, दादा. पैल्याच भाऊबीजंला ववाळनी काढताना तुमचा खिसा उलटा झाला. अस्तराला कुंकू हुतं. कुनाच्या बोटाचं, ते मला कळंना व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"भाऊ आपनहून सांगंल म्हनून सा वर्सं ववाळलं."

सबब कलम ४ रद्द. मोटार व बुक तिच्या दारात ठेवून मी रेल्वेने परत आलो आहे. खाकी कोट कोणाला देऊ नये, धुऊही नये. येत्या भाऊबीजेला तोच घालून यायला तिने सांगितले आहे. तेवढे दिवस जगावे, असे वाटते.

वरील मजकूर माझा आहे. त्यातली लाजही माझीच, ती वारसांकडे जाणार नाही.

सही: मानसिंग जोतिबा थोरवडे

समक्ष सह्या करणारे:
१. भाऊसो रामा येडगे, मलकापूर
२. अर्जुना सखाराम लोहार, मलकापूर (निशाणी अंगठा)

मुक्काम मलकापूर, तारीख ५ नोव्हेंबर १९४७